अर्धा कप, पातळ

डिसेंबरात शेटलंडच्या या बेटावर
नऊला उजाडतं, तीनला मावळतं.
तेवढ्या उजेडात आम्ही सतरा म्हाताऱ्यांना
अंघोळी घालतो, नखं कापतो, केस विंचरतो
आणि लॉरी इझ्बिस्टरचा चहा घट्ट करतो.

दोन सपाट चमचे पावडर. तीस सेकंद ढवळायचं.
मग चहा सांडत नाही.
कप कलंडला तरी काठाशी येऊन
विचारात पडतो.
लॉरीही पडतो.
"विल्मा, ही खळ असेल तर भिंत दाखव,
कागद चिकटवून देतो."

त्याचा घसा विसरलाय
कुठलं दार कधी लावायचं.
पातळ काही दिलं की आडवाटेनं उतरतं:
ठसका, निळे ओठ, न्यूमोनिया.
फाइलमध्ये लाल शाईत आहे हे सगळं,
आणि उशाशी भिंतीवर
घोट घेणाऱ्या माणसाचं चित्र, त्यावर फुली.

अठराव्या वर्षी तो व्हेलच्या शिकारीला गेला होता,
पार दक्षिणेला, जगाच्या बुडाशी.
रक्तानं निसरड्या झालेल्या डेकवर
पत्र्याच्या मगातून चहा,
इतका कढत, की आधी हात शेकायचे
आणि मग जीभ सोलून घ्यायची.
हे तो दर मंगळवारी सांगतो.
बाकीच्या वारीही सांगतो.

कप परत येतो. भरलेला, वर साय धरलेला.
मी लिहिते: प्यायला नकार.
दिवसातून चारदा: प्यायला नकार.
एकदा चिडून लिहिलं,
मीही चाखून पाहिला. मीही नकार.
मोठ्या बाईंनी ते खोडलं.
दुसऱ्या दिवशी त्याच मला सिंकपाशी दिसल्या,
चमचा तोंडात, डोळे मिटलेले.

मग बोटीनं इंगा टलक आली,
गिळण्याची तज्ज्ञ,
वाटेत सगळं ओकून पांढरीफटक पडलेली.
टेकल्या टेकल्या म्हणाली,
आधी एक कप चहा मिळेल का?
लॉरीनं तिचा प्रत्येक घोट
डोळ्यांनी पोचवला खालपर्यंत.
तिलाही ते कळलं. कप तिनं अर्धाच ठेवला.

अ‍ॅबर्डीनहून मुलगी फोनवर:
"पण बाबा, गुदमरलात तर?"
"बार्ब्रा," तो म्हणाला, "मी बोटीवर असताना
तुझी आई रोज रात्री मला बुडवायची, मनातल्या मनात.
पण समुद्रावर जाऊच नको
असं एकदाही म्हणाली नाही."
फोनमध्ये बराच वेळ नुसताच श्वास.
मग ती म्हणाली, "सरळ बसवा त्यांना.
आणि जवळ कुणीतरी असू द्या."

सह्या झाल्या. फुलीचं चित्र निघालं.
भिंतीवर त्याच्या जागी
एक फिकट चौकोन उरला.

शनिवार, दुपारी तीन.
पाठीशी तीन उशा, हनुवटी खाली,
अर्धा कप, पातळ.
मी घाबरले होते, ते लपवत नाही.
चुकलं तर पाठ थोपटायची माझ्याच हातांनी,
ते फाइलच्या हातांनी होत नाही.

पहिला घोट गेला.
दुसऱ्याला ठसका.
माझा तळवा त्याच्या बरगड्यांवर,
मी आकडे मोजतेय, खिडकीत उजेड विझतोय,
सात, आठ, नऊ,
आणि खोकला थांबला.
डोळ्यांत पाणी होतं,
ठसक्याचं की कशाचं, मी विचारलं नाही.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

मी उठले.
स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटू नये
म्हणून पावडरचा डबा
ओसलानं तिथे टेकवून ठेवलाय. पुरेसा जड आहे.

फेब्रुवारीत त्याला ताप आला, तीन रात्री.
उतरला. पुढचा उतरेल, न उतरेल.
उद्या माझी पाळी नाही,
ओसलाला चिठ्ठी लिहून ठेवलीय:
दोन चमचे, सपाट नको, साखरेचे.
तिसरा तो मागेलच.